वैशाखातील पायी फिरणे



उन्हाळा तोंडावर आला, की शहरांतील सुखवस्तू कुटुंबांत पहिला प्रश्न निघतो तो हा, की यंदा जावयाचे कोठे? कोणी महाबळेश्वरचे नाव घेतो, कोणी माथेरानचे. आमच्या विदर्भातील मंडळी चिखलदऱ्याकडे किंवा पचमढीकडे पाहतात. उन्हाळा ही टाळण्याची वस्तू आहे आणि ज्याला साधेल त्याने ती टाळावी, असा या प्रश्नामागचा समज असतो. आज मी जे चार शब्द सांगणार आहे, ते या समजाच्या थोडे विरुद्ध आहेत. वर्ध्यासारख्या लहान गावी, जेथे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, तेथेच राहून उन्हाळा नीट घालविता येतो काय, आणि त्यात रोजच्या पायी फिरण्याचा भाग कोणता, एवढाच माझा विषय आहे.

वर्धा हे गाव फार जुने नाही. १८६२ साली नागपूरपासून हा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे ठाणे प्रथम पुलगावजवळ कवठा येथे होते. १८६६ साली ते पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आणले गेले, आणि जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वाहणाऱ्या नदीचे नाव या नव्या गावाला मिळाले. गाव आखून वसविलेले असल्यामुळे त्याचे मूळचे रस्ते सरळ व रुंद आहेत. फिरावयास निघालेल्या माणसाला याचा लाभ असा, की कोणत्याही दिशेला अर्धा तास चालले तर वस्ती विरळ होते, आणि काळ्या मातीची उघडी शेते व बैलगाडीच्या चाकांनी खोल गेलेल्या पांदणी दिसू लागतात.

या मुलखाचा उन्हाळा कोरडा असतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईचा मनुष्य ३४ अंशांत घामाने चिंब होतो, आणि येथे ४२ अंशांतही अंगावर घाम दिसत नाही. त्याचे कारण, तो येतो पण येताक्षणीच वाळून जातो. घाम वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. म्हणून कोरड्या हवेत शरीर स्वतःस बराच वेळ सावरून धरू शकते, मात्र त्याला पाण्याचा पुरवठा सतत हवा. मातीचा माठ याच न्यायाने पाणी थंड करतो. त्याच्या अंगातील सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेले पाणी बाहेर येऊन वाळते व आतील पाण्याची उष्णता ओढून नेते. दारावरचा वाळ्याचा ओला पडदा आणि आजकाल घरोघरी घरघरणारा कूलर, हे दोघे या माठाचेच भाऊबंद होत. ज्येष्ठात पावसाळी ढग जमून हवेत ओल आली, की कूलर निकामी होतो आणि घरातील माणसे चिडचिडी होतात, त्याचे रहस्य हेच.

कोरड्या हवेचा दुसरा परिणाम फिरणाराच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. आकाश निरभ्र व हवा कोरडी असल्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर सोडून देते. भर दुपार व पहाट यांच्या तपमानांत येथे १२ ते १५ अंशांचे अंतर सहज पडते. ज्या गावात दुपारी दोन वाजता रस्त्यावर कुत्रेही फिरकत नाही, त्याच गावात पहाटे पाच वाजता अंगावर झुळूक येते. उन्हाळा हा दिवसाचे दोन तुकडे करून एक आपल्याकडे ठेवतो आणि दुसरा आपल्याला देतो. तो आपला तुकडा घ्यावयास आपण जागे असलो म्हणजे झाले.

गेली कित्येक वर्षे मी पहाटे पाचच्या सुमारास घराबाहेर पडतो. या वेळी गच्च्यांवर व अंगणांत माणसे निजलेली असतात. पूर्वीपेक्षा कमी, कारण कूलरने पुष्कळांना खोलीत ओढून नेले आहे, परंतु वीज गेली की ती पुन्हा बाहेर येतात. कोठे सडा पडल्याचा आवाज, कोठे नळाखाली भरणाऱ्या हंड्याचा. चैत्रात कडूनिंबाचा मोहोर गळून वाटेवर पांढुरके पसरलेले असते व त्याचा मंद, किंचित कडवट वास सुटतो. वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. कोकीळ तर अंधारातच सुरू झालेला असतो. थोडे उजाडले, की पांदणीच्या कडेने एखादा शेतकरी वखर घेऊन निघालेला दिसतो. ऊन चढण्यापूर्वी त्याला दोन तासांचे काम उरकून घ्यावयाचे असते. वेचणी संपलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात. त्या वर्षभर चुलीला पुरतात. उघडी पडलेली काळी जमीन भेगाळून जाते. ही माती ओलीने फुगते व उन्हाने आकसते, आणि त्या आकसण्याने ती आपोआप खोलवर मोकळी होते. परक्या माणसाला ही भेगाळलेली शेते उजाड वाटतात. शेतकऱ्याला मात्र ती पहिल्या पावसाची वाट पाहत बसलेली दिसतात.

वाटेत नेहमी भेटणारी एक भाजीवाली आहे. जवळच्या खेड्यातून डोक्यावर पाटी घेऊन ती गावात येते. एकदा मी तिला म्हटले, "मावशी, तुम्ही रोज इतक्या लवकर कशा निघता?" ती न थांबता म्हणाली, "भाऊ, तुमी फिराले चालता जी. आमाले त चालल्याबिगर भाजी इकता येत नाही." या वाक्यात टोमणा नव्हता, केवळ माहिती होती. परंतु पायी चालण्याविषयी बोलताना ही माहिती विसरून चालणार नाही. आपल्यापैकी काहीजण आरोग्यासाठी चालतात व काहीजण पोटासाठी. वाट एकच आहे, ऊनही एकच आहे.

आठाच्या सुमारास उन्हाचा रंग बदलतो. सोनेरी होते ते पांढरे होऊ लागते, आणि सावल्यांच्या कडा धारदार दिसतात. या वेळी शहाण्याने घर गाठावे. दहानंतर गाव मिटू लागते. बाजारातील गर्दी ओसरते, खिडक्या बंद होतात, दारांवर पडदे सुटतात. दुपार ही उन्हाळ्याची खरी मालकी. त्या शांततेत कडूनिंबावर बसून तांबट पक्षी तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्याप्रमाणे एकसारखा टुक-टुक करीत असतो. त्याच्या आवाजाने शांतता मोडत नाही, उलट अधिक जाणवते. घरात कैरीचे पन्हे झालेले असते. गच्चीवर कुरडया व पापड वाळत असतात; कडक ऊन हा येथे शत्रू असला तरी गृहिणीने त्याला कामाला लावलेले असते. ज्याला लिहिण्यावाचण्याची आवड आहे, त्याला अशा दुपारीसारखी दुसरी वेळ नाही. कोणी येत नाही, कोणाकडे जावे लागत नाही. मोठ्या शहरात अशी सक्तीची निवांत वेळ पैसे देऊनही मिळत नाही.

वर्ध्याच्या उन्हाळ्याची आणि पायी चालण्याची ही जोडी कोणा एका माणसाच्या लहरीची नाही. तिला इतिहास आहे. १९३० साली दांडीच्या यात्रेस निघताना गांधीजींनी साबरमती सोडली. १९३४ साली जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते वर्ध्यास आले व मगनवाडीत राहू लागले. पुढे त्यांनी खेड्यात जाऊन राहावयाचे ठरविले, आणि त्यासाठी दिवस निवडला तो ३० एप्रिल १९३६ हा. त्या दिवशी ६६ वर्षे उलटून गेलेला हा वृद्ध मनुष्य सुमारे ८ किलोमीटर दूर असलेल्या सेगावला पायी गेला. याच सेगावचे नाव १९४० साली सेवाग्राम झाले, कारण शेगावच्या नावसाधर्म्यामुळे टपालाचा घोटाळा होत असे. एप्रिलअखेरीचे ऊन वर्ध्याच्या कोणाही रहिवाशाला ठाऊक आहे. नवे घर करावयास कोणी हा मुहूर्त काढणार नाही.

तेथे ज्या झोपड्या उभ्या राहिल्या, त्या पाहण्यासारख्या आहेत. मातीच्या जाड भिंती, बांबू, कवेलूंचे उतरते छप्पर आणि भोवती पडवी. जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश आत सोडते आणि पडवी ऊन भिंतीपर्यंत पोचू देत नाही. या बांधणीत नवे काही नाही. विदर्भातील शेतकऱ्याचे जुने घर असेच असे. आजही वैशाखात बापू-कुटीत शिरले, की बाहेरच्यापेक्षा हवा सौम्य वाटते, आणि आपल्या सिमेंटच्या घरांविषयी मनात शंका उत्पन्न होते.

गांधीजींचे सकाळ-संध्याकाळचे फिरणे या ठिकाणीही चुकले नाही. भेटीस आलेल्यांशी ते चालता चालता बोलत. लुई फिशर नावाचे अमेरिकन पत्रकार जून १९४२ मध्ये आठवडाभर सेवाग्रामास राहिले होते. या फिरण्यांत ते सामील होत. पण दुपारचे काय करावे, हे त्यांना कळेना. अखेर पाण्याने भरलेल्या टबात लाकडी खोके ठेवून ते त्यावर बसत, आणि बाहेर दुसऱ्या खोक्यावर टंकयंत्र मांडून लिहीत. एका आठवड्याच्या पाहुण्याने शोधलेली ही युक्ती हास्यास्पद वाटेल; परंतु तत्त्व पाहिले तर ती माठाचीच युक्ती आहे.

महादेवभाई देसाई यांची गोष्ट मात्र हसण्याची नाही. गांधीजी सेगावला गेल्यावरही महादेवभाईंचे बिऱ्हाड काही काळ मगनवाडीतच होते. रोज सकाळी ते कागदपत्रे घेऊन पायी सेगावला जात व काम आटोपून पायी परतत. म्हणजे दिवसाची १६-१७ किलोमीटरची चाल झाली. उन्हाळ्यातही तिला खंड नव्हता. पुढे त्यांची प्रकृती ढासळली, आणि १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान महालात, बंदिवासात असताना त्यांचा अंत झाला. पायी चालणे आरोग्याचे असते हे खरे; पण भर उन्हातील चालणे, वर कामाचा डोंगर आणि विश्रांती नाही, हे कोणाही शरीराला मानवत नाही. उन्हाळ्याशी मैत्री करावयाची तर त्याच्या वेळा पाळल्या पाहिजेत, एवढे तरी या उदाहरणावरून आपण शिकावे.

याच्या उलट उदाहरण विनोबांचे आहे, आणि माझ्या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. १९३८ साली विनोबांची प्रकृती फार खालावली होती. वजन ८८ पौंडांवर आले होते. थंड हवेच्या एखाद्या ठिकाणी जावे, अशी सूचना झाली. विनोबांनी निवडले ते वर्ध्यापासून जवळच, धाम नदीच्या काठी असलेले पवनार. तेथे जमनालालजींचा बंगला रिकामा होता. मार्च महिन्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या आरंभीच, ते तेथे गेले. अशक्तपणामुळे पायी जाणे शक्य नव्हते, म्हणून मोटारीने. नदीवरील पूल ओलांडताना त्यांनी मनातील सर्व चिंता सोडून दिल्या. मग त्यांनी शेतात खणण्यास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी पाचच मिनिटे. नंतर रोज थोडी थोडी वाढ. काही महिन्यांत शरीर सावरले, वजन भरले. त्याच भूमीत खणताना त्यांना भरत-रामाच्या भेटीचे शिल्प सापडले. ते शिल्प आज पवनारच्या आश्रमात आहे. पवनार हे स्थान मुळात प्राचीन. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले आहे.

जो मनुष्य १९३८ साली मोटारीत बसून पूल ओलांडून आला, तोच १९५१ च्या मार्चमध्ये पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीस सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाला. अंतर सुमारे ३०० मैल, आणि दिवस फाल्गुन-चैत्राचे. तेथून पुढे तेलंगणातील खेड्यांत फिरत असता १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली येथे भूमिहीनांनी जमीन मागितली, एका जमीनदाराने १०० एकर देऊ केली, आणि भूदानाचा उगम झाला. त्यानंतरचे त्यांचे देशभराचे चालणे १९६४ साली पवनारला परतेपर्यंत चालू होते. भूदानाच्या फलिताविषयी मतभेद आहेत; मिळालेल्या जमिनीपैकी बरीचशी नापीक निघाली व सर्व जमीन गरजूंच्या हाती पडली नाही, हे नाकारता येत नाही. परंतु खेड्यातील माणसाचे म्हणणे ऐकावयाचे तर त्याच्या वेगाने, त्याच्या वाटेने व त्याच्याच ऋतूत चालले पाहिजे, ही गोष्ट त्या चालण्याने सिद्ध केली, ती कोणी नाकारीत नाही.

आणखी एका चालण्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, साथीमुळे सर्व वाहने थांबली असता, हजारो मजूर देशाच्या महामार्गांवरून आपल्या गावी पायी निघाले. हैदराबादहून नागपूरकडे जाणारा महामार्ग आमच्या जिल्ह्यातील हिंगणघाट व जाम येथून जातो. त्या रस्त्यावर डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल आणि पायांत झिजलेल्या चपला, अशी माणसे त्या वैशाखात चालत गेली. जेथे कोणी पाणी, जेवण किंवा जुन्या चपला घेऊन उभे राहिले, तेथे ती घटकाभर टेकली. पहाटेच्या फिरण्याच्या गोडव्याचे वर्णन करणाऱ्या माझ्यासारख्याने हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले पाहिजे. ज्याला वेळ निवडता येते त्याच्यासाठी उन्हाळा हा एक संयमी मित्र आहे. ज्याला ती निवडता येत नाही, त्याच्यासाठी तोच प्राणघातक होऊ शकतो. या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते कमी करण्याची साधने अगदी साधी आहेत. सावली आणि पाणी.

आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. चैत्रात पाणपोई घालणे, अक्षय तृतीयेला पाण्याने भरलेला घट दान देणे, वाटेच्या दुतर्फा वड, पिंपळ, चिंच, कडूनिंब लावणे, या गोष्टी धर्म म्हणून सांगितल्या गेल्या, त्या तापलेल्या मुलखात त्यांची निकड होती म्हणूनच. झाडाखालची सावली ही छत्रीच्या सावलीसारखी नसते. पाने मुळांनी ओढलेले पाणी हवेत सोडीत असतात, त्यामुळे झाड ऊन अडविते व शिवाय भोवतालची हवाही थोडी निववते. म्हणूनच कडूनिंबाखाली उभा असलेला मनुष्य पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्यापेक्षा सुखी असतो.

आणि येथेच आजच्या काळाविषयी मला थोडी चिंता वाटते. रस्ते रुंद होत आहेत, ते व्हावयास हवेत; परंतु रुंद रस्त्याची पहिली किंमत कडेच्या जुन्या झाडांना मोजावी लागते. २०२० साली वर्धा-सेवाग्राम मार्गाच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडली जाऊ लागली, तेव्हा गावातील नागरिकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. मोटारीत बसलेल्या माणसाला झाड गेले तर दोन मिनिटे चुकल्यासारखे वाटते. पायी चालणाराचा मात्र रस्ताच बंद होतो. भाजीवालीची पाटी, शाळेला निघालेली मुले, सायकलवरचा मजूर यांच्यासाठी सावलीवाचूनचा डांबरी रस्ता मे महिन्यात दुपारी चालू नसतो, असेच म्हटले पाहिजे. नवी रोपे लावण्याचे आश्वासन मिळते. पण कडूनिंबाला अंगाखाली दहा माणसे घेण्याइतके मोठे व्हावयास पंधरा-वीस वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात एक पिढी उन्हातून चालून जाते.

आशेची जागाही आहे, आणि ती पहाटे फिरणाऱ्यांतच आहे. आमच्या गावाजवळच्या हनुमान टेकडीवर नागरिकांनी झाडे लावली आहेत. टेकडीवर फिरावयास जाणारे लोक उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी घालतात. डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, निवृत्त कारकून, सर्व प्रकारची माणसे त्यांत असतात. फिरण्याचे फिरणे होते आणि झाड जगते. व्यायामासाठी यंत्रावर एकाच जागी धावणाऱ्या माणसाने या पाण्याच्या डब्याचा विचार करण्यासारखा आहे.

ज्यांना या उन्हाळ्यात पायी फिरण्याचा आरंभ करावयाचा असेल, त्यांना मी चार गोष्टी सांगेन. सूर्य उगवण्यापूर्वी निघावे आणि आठाच्या आत परतावे. निघण्यापूर्वी पाणी प्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये. कोरड्या हवेत घाम दिसत नसल्याने शरीराची तूट उशिरा कळते. डोके व कान उपरण्याने झाकावेत. पहिल्या दिवशी थोडेच चालावे व विनोबांच्या कुदळीप्रमाणे रोज थोडे वाढवावे. डोके दुखू लागले, चक्कर आली किंवा मळमळले, तर अभिमान न धरता सावलीत बसावे व मदत मागावी. आणि शक्य तर मोबाईल घरी ठेवावा. तांबट व कोकीळ यांना ऐकावयाचे तर कान रिकामे हवेत.

मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागते. आकाशात पश्चिमेकडून ढग डोकावू लागतात व पावशा पक्षी ओरडू लागतो. त्याच्या ओरडण्यात आमच्या शेतकऱ्याला "पेरते व्हा" असे शब्द ऐकू येतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग निघतो. त्यानंतर पांदणींत गुडघाभर चिखल होतो आणि काही दिवस फिरावयाचे डांबरी रस्त्यावरच. तेव्हा रोप लावण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी खड्डा या कोरड्या दिवसांतच खणून ठेवावा. उन्हाने माती निर्जंतुक होते, पहिल्या पावसाने ती मऊ होते, आणि रोप पटकन रुजते. घरासमोरच्या रस्त्याच्या कडेला, जेथून उद्या कोणीतरी अनोळखी मनुष्य पायी जाणार आहे, तेथे जागा पाहावी. आणि झाड वाढेपर्यंत पाण्याचा एक माठ दाराबाहेर ठेवावा, म्हणजे तो मनुष्य यंदाही तहानलेला जाणार नाही.